तिसरा टोल

ज्या गाण्याबद्दल लोक माझ्या खांद्यावर शाल घालतात, ते गाणं मी रचलेलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुंडलिकनगरातल्या घरात रोज माझ्यासमोर ताट ठेवणाऱ्या बायकोलाही नाही. त्या गाण्यात माझं म्हणायचं तर घंटेचे पाच टोल आहेत, आणि त्यातलाही तिसरा कच्चा पडलेला आहे.

गाणं तुम्ही ऐकलं असणार. तीन-चार वर्षं झाली, ते रिक्षात वाजतं, हळदीत वाजतं, जयंतीच्या मिरवणुकीत वाजतं. पोरं त्यावर मोबाइलात व्हिडिओ करतात.

वाटेवरल्या लिंबा, तुझी सावली कुणाची रं
जो थकून बसंल खाली, त्याची बाबा, त्याची रं

ते मामांचं आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची. मामा आमच्या कॉलेजात शिपाई होते आणि मी तिथंच कनिष्ठ लिपिक. वयानं मोठ्या शिपायाला मामा म्हणायचं आणि क्लार्कला भाऊसाहेब, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं बावीस वर्षांत आम्ही एकमेकांना नावानं हाक मारली नाही. त्यांचं पूर्ण नाव मी फक्त लिहायचो, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, मस्टरवर. इथं ते लिहायला हात उचलत नाही.

मामांकडं घंटेचं काम होतं. आवारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता, तीच आमची घंटा. टोल द्यायच्या आधी मामा त्या लोखंडाला तळहात लावून बघायचे, लेकराचा ताप बघावा तसा. म्हणायचे, "उन्हाळ्यात उतरती ती अन् थंडीत चढती. लई मिजास हाय तिला." सकाळच्या पहिल्या टोलाला जो सूर निघेल तो ते दिवसभर धरून ठेवायचे. फाइली नेताना, पाण्याचा माठ भरताना, प्राचार्यसाहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसलेले असताना त्यांचं गुणगुणणं त्याच पट्टीत चालायचं. संगीत विभागाचे एक सर हे ऐकून हार्मोनियम घेऊन खाली उतरले होते. जाताना हसत गेले. परत आले ते 'सूर जरासुद्धा हललेला नाही' म्हणत आले.

मधे विजेची घंटा आली. साहेबांनी नारळ फोडला, बटन दाबलं. मामांना सांगितलं, आता हीच. मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते बटन दाबायचे आणि मग सावकाश लिंबाखाली जाऊन रुळावरही टोल द्यायचे. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "ती सरकारी, साहेब. ही आपली." पोरंही बटनाच्या घंटेला जागची हलायची नाहीत. रूळ वाजला की वर्ग सुटायचा.

गाण्याला बसले की मामा लोकांकडं पाठ करायचे. हे कुठंही असो. विहारात असो, कुणाच्या अंगणात असो, भिंत शोधायचे आणि भिंतीकडं तोंड करून मांडी घालायचे. नवख्या माणसाला वाटायचं, रुसले की काय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तोंडं दिसली की आवाज तोंडांकडं जातो, भाऊसाहेब. भिंत बरी. ती नुसती ऐकती." माइक दिला तर तोही पाठीमागं ठेवायचे. त्यामुळं त्यांना मोठ्या कार्यक्रमात कुणी बोलवेना. बारसं, लग्न, कुणी गेलं तर पुण्यानुमोदन, एवढंच. शनिवारी दुपारून कन्नडच्या एसटीनं गावाकडं जायचे, तिकडं गाऊन सोमवारी पहिल्या टोलाला हजर.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता, आणि मी जे केलं ते त्यातूनच झालं, म्हणून नीट सांगतो.

आपल्याकडं गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. अमका म्हणे, तमका सांगे. गाणं कुणाचं ते त्यावरून कळतं. मामा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव कधीच घालत नसत. त्या दिवशी ज्यानं त्यांचं काही भलं केलं असेल त्याचं नाव घालायचे. एसटी थांबवणारा कंडक्टर, पाणी देणारी म्हातारी, सायकलचं पंक्चर काढणारा. गाणं तेच, पण शेवटचं कडवं दर वेळी नवं, आणि ते पुन्हा म्हणून दाखवा म्हटलं तर म्हणायचे नाहीत. लिहून तर काहीच ठेवलं नाही. कुणी चिडवलं की मामा, तुमचं नाव कुठाय, तर माझ्याकडं बोट करायचे. "माझं मस्टरवर हाय की. भाऊसाहेब लिवत्यात."

कन्नडकडच्या एका गावात मोठ्या घरचं बारसं होतं. मामांनी गाणं म्हटलं आणि शेवटी नाव घातलं चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बाईचं. घरमालक भडकला. माझ्या नातवाच्या बारशाला कामवालीचं नाव का म्हणून? मामा म्हणाले, "भाकर तिच्या हातची खाल्ली. नाव तुमचं कसं घालू?" त्यानं सोडायला गाडी दिली नाही. मामा भर उन्हात फाट्यापर्यंत चालत आले. तिथं एका जीपवाल्यानं त्यांना टपावर बसवून घेतलं. सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये डबा खाताना मी ते गाणं ऐकलं, तेव्हा शेवटी जीपवाला होता.

आमच्या साहेबांनाही आपलं नाव गाण्यात यावं असं फार वाटायचं. स्नेहसंमेलनाच्या आधी त्यांनी माझ्याकरवी सुचवून पाहिलं. मामांनी ते मनावर घेतलं, अगदी खरोखर. मला विचारायला लागले, साहेबांनी आज काय केलं? मी म्हटलं, आल्या आल्या तुम्हाला मेमो दिला. मामांनी थोडा वेळ ओठ हलवून पाहिले आणि म्हणाले, "मेमो चालीत बसत नाय."

आता त्या दिवसाचं.

मी नवा मोबाइल घेतला होता. प्रेमानं, जपून ठेवावं म्हणून मी मामांचं गाणं घेतलं, असं मी एका मुलाखतीत सांगितलंय. तेही खोटं. मी फोनचा रेकॉर्डर कसा चालतो ते बघत होतो. मधल्या सुट्टीनंतरची वेळ होती. रेकॉर्ड रूममध्ये आमचे डबे अजून उघडेच होते. मामांना म्हटलं, म्हणा काहीतरी. ते भिंतीकडं वळले. फोन मी त्यांच्या पाठीमागं रॅकवर फाइलींना टेकवून ठेवला.

मामांनी आलाप घेतला आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाचव्या तासाला दोन मिनिटं उरली होती. ते उठायला लागले. मी म्हटलं, "बसा मामा, टोल मी देतो." त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या रुळाला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. मग म्हणाले, "हात लावून बघा आधी." आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

मी खाली गेलो. लोखंडाला हात लावला, तो भाजला. हातोडी उचलून पाच टोल दिले. तिसऱ्याला हातोडी घसरली. खालून मामांचा आवाज ऐकू येत नव्हता. ते गाणं, जे आज सगळा महाराष्ट्र ऐकतो, ते होत असताना मी त्या खोलीत नव्हतोच. मी लिंबाखाली तळहातावर फुंकर घालत उभा होतो.

त्या दिवशीचं शेवटचं कडवं असं आहे:

अमका म्हणे, बस की गड्या, टोल मी देतो रं
उठायाची घाई कुणा, सावली ज्याची त्याची रं

अमका म्हणजे मी. तिथं माझं नाव आहे, आडनावासकट, चालीत चपखल बसलेलं.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. रूळ उतरवला गेला. दोन वर्षांनी गावाकडं, शेताच्या बांधावरून येताना छातीत कळ येऊन गेले. ऑफिसात ऑडिट होतं, मी मातीला गेलो नाही. संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर सगळे हात जोडल्याची चित्रं टाकत होते. मला काहीतरी जास्त करावंसं वाटलं, म्हणून ते गाणं शोधून टाकलं. टाकण्याआधी शेवटचा थोडा भाग कापला. त्याचं पुढं सांगतो.

ग्रुपवरून ते कुणाच्या पोराकडं गेलं. त्यानं मामांच्या आवाजाखाली ढोलकी आणि गिटार लावून ते इंटरनेटवर टाकलं. महिनाभरात औरंगपुऱ्यात मोबाइलच्या दुकानाबाहेर मी ते ऐकलं. भाजी घ्यायला गेलो होतो. पिशवी धरून तिथंच उभा राहिलो. मागून माझे पाच टोल आले. तिसरा कच्चा. मामा जिवंत असते तर त्या दुकानदाराचं नाव कडव्यात गेलं असतं, असं मनात आलं, आणि रडू आवरेना म्हणून मी मेथी न घेताच परत आलो.

मग फोन सुरू झाले. कवी कोण, हे लोकांना शेवटच्या कडव्यावरून कळलं होतं. कुठल्याशा वाहिनीवरची मुलगी म्हणाली, "सर, ते तुम्हीच ना?" मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे ती." एवढंच म्हणालो. हो म्हणालो नाही. ती म्हणाली, किती साधे आहात तुम्ही. मी आयुष्यभर कमी बोलत आलोय. ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडं माझी तीच ओळख. त्यामुळं मी गप्प बसलो तर कुणाला संशय आला नाही. दुसऱ्या फोनला बोलणं आणखी सोपं गेलं. तिसऱ्यानंतर गाण्याखाली छापून यायला लागलं: कवी म्हणून माझं नाव, आणि गायक म्हणून नुसतं 'मामा'.

एकट्या कॅन्टीनवाल्यानं विचारलं. मामांच्या तीन-चार कडव्यांत त्याचं नाव येऊन गेलं होतं. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही कवी कधीपासून झाले?" मी हसलो. तोही हसला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, पण माझ्या टेबलावर येऊन बसायचंही बंद केलं. चहा ठेवतो आणि जातो.

गेल्या वर्षी शहरात माझा सत्कार झाला. एका प्राध्यापकांनी गाण्याचा अर्थ उलगडून सांगितला. म्हणाले, हा टोल म्हणजे झोपलेल्या समाजाच्या कानाशी कवीनं दिलेली हाक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो टोल कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाचा तास संपल्याचा होता, हे सांगायला त्या हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजजवळ आल्या. पस्तिशीच्या असतील. मी ओळखलं नाही, पण कपाळ मामांचं होतं. कन्नडला शिलाईचं दुकान चालवते म्हणाली. मामांची मुलगी. माझ्या पाया पडायला वाकली, मी मागं सरलो. म्हणाली, "काका, तुमचे उपकार हायेत. तुम्ही गाणं केलं म्हणून अण्णांचा आवाज राह्यला."

मग ती जरा हसून, खाली बघत म्हणाली, "एक सांगू का? अण्णा घरी म्हणायचे, ह्ये गाणं मी तुझ्यासाठी केलंय. शेवटी माझं नाव घालायचे. मी शाळंत सगळ्या पोरींना सांगितलं व्हतं. लग्न झाल्यावर सासरी बी सांगितलं. आता ह्ये समदं झाल्यावर नवरा चिडवतो, तुझा बाप दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणून सांगायचा म्हणून." मग म्हणाली, "जाऊ द्या. लेकराला खूश करायला बोलले आसतील. मी काय मनात धरलं नाय."

शाल माझ्या खांद्यावर होती. मी म्हणालो, "मामा फार मोठा माणूस होता." ती म्हणाली, "व्हय." आणि एसटी चुकेल म्हणून गेली.

त्या रात्रीपासून मला सत्काराची शाल घरात नको झाली. बायको म्हणते, चांगली आहे, थंडीत वापरा की. मी ती कपाटात आणखी आत सारतो.

स्वतःशी मी पुष्कळ वाद घातला. गाण्यातच म्हटलंय, सावली ज्याची त्याची. मामांना नावाची पडलेलीच नव्हती, मग मी कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं? पण मामा नाव देत होते ते दुसऱ्याचं देणं कबूल करायला. ते नाव धरून मी त्यांनाच लेकीपुढं खोटं पाडलं. सावलीत बसलो असतो तर गोष्ट वेगळी. मी सातबारा माझ्या नावावर करून घेतला.

दिवाळीनंतर एका सोमवारी रजा टाकून मी कन्नडला गेलो. सांगायचंच असं ठरवून. बाजाराचा दिवस होता, स्टँडवर उतरलो तर कॅसेट-पेनड्राइव्हच्या गाड्यावर तेच लागलेलं. दुकान सापडलं. तिनं मशीन थांबवून मला खुर्ची दिली, समोरच्या टपरीवरून चहा मागवला. भिंतीवर मामांचा फोटो होता, कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला, तोच मोठा केलेला. त्याच्या शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लावलेलं. त्यात मी होतो, शाल घातलेला. म्हणाली, "दोघं शेजारी बरे दिसता."

मी चहा प्यायलो. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, तुमच्याकडं अण्णांचं आणखी काय हाये का? गाणं हाये आमच्याकडं, समद्यांकडंच हाये. पण अण्णांचा बोलायचा आवाज नाय. कुणीच घेतला नाय. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत बघितलं, तर तिथं बी भिंतीकडं तोंड."

फोन माझ्या वरच्या खिशात होता. मी म्हणालो, "बघतो. शोधतो घरी." तिनं वहीच्या कागदावर तिचा नंबर लिहून दिला. परतीच्या एसटीत मी तो कागद हातात धरून बसलो होतो.

शोधायचं काहीच नव्हतं. जो भाग मी कापला होता, तो माझ्याकडंच आहे. त्या दिवशी ग्रुपवर टाकताना कापला, कारण त्यात मामा माझी चूक काढतात आणि मी बावळटासारखा हसतो. ऑफिसातल्या लोकांनी ते ऐकू नये, एवढ्याच क्षुद्र कारणासाठी. नंतर मात्र तो तुकडा मला भीती घालायला लागला. एकदा पुसून टाकावा म्हणून बोट नेलं होतं. पुसला नाही. दोन फोन बदलले, दोन्ही वेळा आधी तो नव्यात घेतला. अधूनमधून गच्चीवर जाऊन ऐकतो. गाण्यासाठी नाही. गाणं कुठंही ऐकू येतं.

गाणं संपतं. रेकॉर्ड रूमचं दार करकरतं, मी आत येतो. मामा म्हणतात, "भाऊसाहेब, तिसरा टोल कच्चा पडला."

मी हसतो. म्हणतो, "इथं बसून कळलं होय?"

"हात सैल सोडला तुम्ही. असू द्या. टोल दिला ना? म्हणून आज तुमचं नाव टाकलं बगा. तसं ह्ये गाणं माझ्या लेकीचं हाय. तापानं फणफणली व्हती, आठ दिस उतरंना, तवा उशाशी बसून केलं. घरी तिचंच नाव असतंय. आजच्या दिस तुमचं." मग डब्याचा आवाज येतो. "झाकण लावा त्याला, मुंग्या लागत्यात."

तिथं ते संपतं. चाळीस सेकंद आहेत. त्यांत तिच्या वडलांचा बोलण्याचा आवाज आहे आणि ते खोटं बोलत नव्हते याचा पुरावा आहे. तिचा नंबर अजून माझ्या पाकिटात आहे.

ते चाळीस सेकंद मी मामांच्या मुलीला देणं लागतो. हे लिहून होईपर्यंत तरी दिलेले नाहीत.